आधी टोपण काढा

(सायकल-फेरीच्या पूर्वतयारीच्या बैठकीत मंडळाच्या सायकल समितीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'सायकलच्या चाकात हवा कशी भरावी'. हसू नका. पहिल्यांदा हा विषय ऐकला तेव्हा आम्हीही हसलो होतो. आम्ही पाच जण समितीत आहोत, पाचही इंजिनिअर. चौघे सॉफ्टवेअरमधले, एक मेकॅनिकलचा. चाकात हवा भरणं ही काय भाषण देण्याची गोष्ट आहे, असं आम्हालाही वाटायचं. पुढे जी सगळ्यात मोठी चूक आम्ही सांगणार आहोत ती आम्ही पाचही जणांनी मिळून, पूर्ण एकमताने केली होती, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे मग मोकळेपणाने बोलता येईल.

२०२२ सालच्या मे महिन्यातली आपली पहिली फेरी आठवते का? सकाळचे साडेसात, किंग्स्टनजवळ डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याच्या काठचं पार्किंग. पासष्ट जणांनी नावं दिली होती. रस्ता सपाट, बारीक खडीचा, चढ नाही की गाड्यांची भीती नाही. त्यामुळे कुणी काही तयारी केली नव्हती. गराजमध्ये अख्खा हिवाळा टांगलेल्या सायकली खाली काढायच्या, गाडीच्या मागे बांधायच्या आणि यायचं, एवढीच तयारी. आता चार-पाच महिने नुसती उभी असलेली सायकल हवा धरून राहत नाही, हे लहानपणी आपल्याला माहीत होतं. इथे आल्यावर विसरलो. निम्म्या लोकांची चाकं बसलेली. पंप होते तीन.

त्यानंतरच्या एका तासात आम्ही जे पाहिलं ते विसरणार नाही. एका काकांनी मुलाची रेसिंगची सायकल आणली होती. टोपण काढलं, पंप लावला, दांडा दाबला, तर दांडा खाली जाईना. पंप बिघडला म्हणून दुसरा आणला. तोही 'बिघडलेला'. तिसराही! तेव्हा कुणीतरी सुचवलं की व्हॉल्व्हच्या टोकाला ती बारीक पिन आहे ना, ती अडकली असेल, पकडीने ओढा. काकांनी ओढली. पिन हातात आली आणि जी काही थोडी हवा होती तीही गेली. दुसरीकडे एका वहिनींच्या सायकलला पंपाचं तोंडच बसेना. त्यांचा व्हॉल्व्ह जाड आणि पंपाचं भोक बारीक. त्यांनी शांतपणे सायकल गाडीला परत बांधली आणि पोहे वाढायला उभ्या राहिल्या. त्यांनी फेरीसाठी दोनशे डॉलरच्या देणग्या गोळा केल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांनी एक मैलही सायकल चालवली नाही. पंपाचं तोंड उलटं करून लावायचं असतं, हे आम्हाला कळलं ते त्या निघून गेल्यावर.

तर मंडळी, येत्या रविवारी असं होऊ नये म्हणून आम्ही आज तीन ट्यूब घेऊन आलो आहोत. जगात सायकलींना मुख्यतः तीन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात. त्यांची नावं पुस्तकात एक, दुकानात दुसरी आणि आपल्या तोंडी तिसरीच. जपानमध्ये मात्र त्यांना सरळ इंग्लिश, अमेरिकन आणि फ्रेंच म्हणतात. आम्हाला ही पद्धत फार आवडली. आजच्यापुरती आपणही तीच वापरू.

अमेरिकन व्हॉल्व्ह सगळ्यात सोपा, कारण तो तुम्ही रोज बघता. तुमच्या मोटारीच्या चाकाला असतो तोच. जाड, साधारण आठ मिलिमीटरचा, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा, बहुतेक वेळा बाहेरून काळं रबर चढवलेला. टोपण काढून आत डोकावलं की मधोमध एक छोटी पिन दिसते, आणि ती आतल्या स्प्रिंगने बंद राहते. नखाने दाबा, हवा सुटेल, सोडा, बंद. याचं दुकानातलं नाव श्रेडर. ऑगस्ट श्रेडर हे जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेले गृहस्थ, म्हणजे आपल्यासारखेच स्थलांतरित. त्यांच्या कंपनीने हा व्हॉल्व्ह काढला आणि १८९३ साली त्याचं पेटंट मिळालं. तेव्हापासून आजपर्यंत तो मोटारींना चालतोय. सॉफ्टवेअरमध्ये तीन वर्षं जुनी गोष्ट कुणी ठेवत नाही, आणि इथे सव्वाशे वर्षांहून जुना आराखडा अजून सगळ्यांच्या गाडीला आहे!

फ्रेंच व्हॉल्व्ह, दुकानातलं नाव प्रेस्टा. हा बारीक, सहा मिलिमीटरचा, सगळा धातूचा, उंच. रेसिंगच्या आणि महागड्या सायकलींना हाच असतो, कारण बारीक व्हॉल्व्हसाठी रिमला भोकही बारीक पुरतं, आणि अरुंद रिम मजबूत राहते. काकांच्या मुलाच्या सायकलला हाच होता. याच्यात स्प्रिंग नाही. आतली हवाच त्याला आतून दाबून बंद ठेवते. आणि वर, त्या पिनेवर, एक इवलीशी चक्री असते. ती चक्री म्हणजे कुलूप. ती उलटी फिरवून वरपर्यंत आणायची, पिनेवर बोटाने हलकेच एकदा टिचकी मारल्यासारखं दाबायचं, 'फुस्स' आवाज आला की कुलूप उघडलं. मग पंप लावायचा. काकांनी कुलूप न उघडता दार ढकललं, एवढंच झालं होतं. तिन्ही पंप बिचारे ठीक होते.

हवा भरून झाल्यावर पंपाचं तोंड सरळ वर ओढून काढा, डावी-उजवीकडे हलवून नव्हे. ती पिन नाजूक असते, वाकली की संपलं. मग चक्री पुन्हा बोटाने घट्ट करा, पकडीने नाही. मंडळी, सायकलच्या व्हॉल्व्हला पकड लावावी लागली तर समजा की आपलं काहीतरी चुकतंय.

इथे दुकानात दीड-दोन डॉलरला एक पितळी टोपी मिळते. ती फ्रेंच व्हॉल्व्हवर बसवली की त्याचा अमेरिकन होतो. अर्थात आधी चक्री उघडायची, मग टोपी. हा अडॅप्टर किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवा. मात्र एक गोष्ट करू नका. फ्रेंच व्हॉल्व्हची ट्यूब अमेरिकन व्हॉल्व्हच्या मोठ्या भोकात तशीच घालून चालवू नका. ती भोकात डुलते, आणि व्हॉल्व्ह जिथे ट्यूबला चिकटवलेला असतो तिथे फाटते. ते पंक्चर चिकटत नाही. मोठं भोक लहान करायला रबराची किंवा धातूची चकती मिळते, ती घाला. आणि उलट, बारीक भोक ड्रिलने मोठं करून जाड व्हॉल्व्ह घालण्याचा विचार मनात आला, तर तो मनातच ठेवा. आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्याने ते करून पाहिलं आहे. ती रिम आता त्याच्या गराजमध्ये भिंतीवर शोभेला आहे.

जाता जाता पेट्रोल पंपाचं सांगतो. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, पण हवा मात्र स्वतःच भरायची! तिथलं यंत्र मोटारीच्या चाकासाठी आहे. सायकलच्या चाकात मावणारी हवा त्या मानाने चमचाभर. बटण दाबून धरलंत तर काही क्षणांत टायर फुटतो, आणि आवाज असा होतो की आजूबाजूचे लोक खाली वाकतात. अगदी लागलंच तर टिचकी मारल्यासारखं दाबायचं आणि सोडायचं, मग हाताने चाचपायचं. किती भरायची ते टायरच्या कडेवरच कोरलेलं असतं. जाड टायरला तीस-चाळीस पीएसआय, अरुंद रेसिंगच्याला त्याच्या दुप्पट-अडीचपट. दुसऱ्याचं विचारू नका, स्वतःच्या टायरवरचं वाचा.

आता तिसरा, इंग्लिश व्हॉल्व्ह. इथल्या सायकलच्या दुकानात विचारलंत तर बरेच जण तुमच्याकडे बघत राहतील. पण आपल्यापैकी जे भारतात वाढले त्यांनी आयुष्यातला पहिला पाहिलेला व्हॉल्व्ह हाच. शाळेत जाताना चाकातली हवा गेली, दुकानात सायकल लावली, आठ आणे दिले, हवा भरली, तो हा. बाईंच्या नाहीतर सरांच्या सायकलीची हवा सोडायला ज्याची चक्री आपण सैल केली, तोही हाच. तेव्हा कुणी त्याला इंग्लिश म्हणत नव्हतं. नुसता 'व्हॉल'.

जॉन बॉइड डनलप हे बेलफास्टला राहणारे जनावरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्यांनी हवेचं चाक बनवलं आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पुढे कळलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्येच नोंदवली होती, आणि डनलप यांचं पेटंट रद्द झालं. पण नाव राहिलं. या व्हॉल्व्हलाही पुष्कळ ठिकाणी डनलप व्हॉल्व्हच म्हणतात, आणि तो तर त्यांनी काढलेलाही नाही, वूड्स नावाच्या इंग्रजाने काढला. असो.

हा व्हॉल्व्ह आतून कसा असतो? आम्ही पाच जणांनी लहानपणी शेकडो वेळा पाहिलेला, पण नीट कधीच न बघितलेला. ट्यूबला एक जाड नळी. तिच्यात एक पितळी खुंटी बसते. खुंटी वरून पोकळ, खालून बंद, आणि बाजूला एक बारीक छिद्र. त्या छिद्रावर चढवलेली असते रबराची बारीक नळी, आपली व्हॉलट्यूब! बाहेरून हवा दाबली की रबर फुगून जरासं बाजूला होतं, हवा आत जाते. दाब थांबला की रबर पुन्हा खुंटीला चिकटतं. बाहेरून एक नट खुंटीला दाबून धरतो. तो सैल केला की हवा जाते, आणि पूर्ण काढला तर खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी उडते, हेही आपल्याला शाळेतच कळलेलं. नव्या पद्धतीच्या खुंटीत रबराऐवजी आत छोटी गोळी असते. नेदरलँड्समधल्या रोजच्या सायकलींना बहुधा तीच.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. या व्हॉल्व्हची खालची नळी अमेरिकन व्हॉल्व्हइतकी जाड असते. पण वरचं टोक, जिथे पंप लावायचा, ते बारीक असतं. जवळजवळ फ्रेंच व्हॉल्व्हइतकं. म्हणजे रिमचं भोक बघाल तर अमेरिकन, आणि पंपाचं तोंड लावाल तर फ्रेंच. इथे मिळणाऱ्या उभ्या पंपाला बहुधा दोन भोकं असतात, एक मोठं, एक लहान. इंग्लिश व्हॉल्व्हला लहान भोक लागतं. हे वाक्य आम्हाला २०२२ साली माहीत असतं तर आज हे भाषण इथेच संपलं असतं.

पहिल्या फेरीतून आपण जे पैसे जमवले त्यातून माण तालुक्यातल्या एका गावच्या शाळेला बेचाळीस सायकली दिल्या. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग, कमी पावसाचा. शाळा गावात, आणि मुली वाड्यावस्त्यांवर विखुरलेल्या. कुणी चार किलोमीटरवरून, कुणी सहा. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. सायकली तालुक्याच्या गावातूनच विकत घेतल्या, ते काम तिथल्या शिक्षकांनी फार चोख केलं. पुढे डिसेंबरात आमच्यातला एक जण सुट्टीला निघाला तेव्हा आम्हाला एक कल्पना सुचली. तिथे हवा भरायचं दुकान नऊ किलोमीटर लांब. मग शाळेलाच चांगले पंप देऊ या! आम्ही वर्गणी काढली, तीस-तीस डॉलरचे सहा उभे पंप घेतले, वरती दाब दाखवणारं घड्याळ वगैरे. बायकोच्या साड्या काढून ते बॅगेत घातले. आणि इंजिनिअर असल्यामुळे सोबत एक सूचनापत्रकही केलं. मराठीत, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट करून.

त्या पत्रकातली तिसरी सूचना अशी होती : 'पंपाचे मोठे भोक वापरावे. लहान भोक रेसिंगच्या सायकलींसाठी आहे, ते वापरू नये.'

हे आम्ही कुठून आणलं? कुठूनच नाही. एका रात्री फोनवर दहा मिनिटं बोलणं झालं. भारतातला व्हॉल्व्ह जाड असतो की बारीक? जाडच की, रिमचं भोक मोठं असतं. झालं. सगळे हो म्हणाले. मजा म्हणजे पहिल्या फेरीच्या दिवशी आपले एक सदस्य, जे कंपनीच्या बदलीवर नेदरलँड्सहून आले आणि घरसामानात सायकलही घेऊन आले, ते आमच्यासमोर उभे राहून लहान भोकानेच त्यांच्या सायकलीत हवा भरत होते. आम्ही बघितलं होतं. ती आम्हाला डच लोकांची काहीतरी खासियत वाटली. ऑफिसात एक ओळ बदलली तरी टेस्ट केल्याशिवाय आम्ही पुढे पाठवत नाही. आणि इथे ज्या वस्तूसाठी सूचना लिहिल्या ती वस्तू समोर ठेवून पाहिलीही नाही.

वर्षभर आम्ही अधूनमधून फोन करायचो. पंप कसे आहेत? सर म्हणायचे, "उत्तम आहेत." त्यात खोटं काहीच नव्हतं.

२०२४ च्या जानेवारीत आमच्यातले दोघे शाळेत गेले. भिंतीला टेकवून चौदा सायकली उभ्या होत्या, सगळ्यांच्या चाकात हवा नाही. आम्ही विचारलं, पंप कुठे आहेत? मुख्याध्यापक सरांनी कपाट उघडलं. सहाही पंप ओळीने उभे, स्वच्छ पुसलेले, आणि प्रत्येकावर हळदकुंकू. दसऱ्याला पूजा केली होती. पत्रक शेजारी खिळ्याला टांगलेलं. सर जरा अवघडून म्हणाले, "भारी वस्तू आहे, पण आमच्या सायकलींना लागू होत नाही. तुम्ही एवढ्या लांबून पाठवले, म्हणून काही बोललो नाही."

आम्ही म्हटलं, असं कसं होईल? एक पंप घेतला, मैदानात आलो. सगळी शाळा गोळा झाली. मोठं भोक व्हॉल्व्हवर ठेवलं, खटका वर केला, दांडा दाबला. सगळी हवा बाहेरून फुस्स. पुन्हा केलं. पुन्हा फुस्स. दोघांना जानेवारीत घाम फुटला. दोनशे मुलं बघत होती आणि हसू दाबत होती.

तेवढ्यात नववीतली एक मुलगी पुढे आली. म्हणाली, "सर, ते बारक्या भोकानं भरतंय."

आम्ही विचारलं, तुला कसं माहीत?

ती मुख्याध्यापकांकडे बघून गप्प. मग हळूच म्हणाली, "मी माझ्या सायकलीत भरते. शनिवारी, सर नसताना. पण कागदावर लिहिलंय ना, बारक्या भोकाला लावायचं नाही म्हणून. मग कुणाला सांगितलं नाही."

मंडळी, आम्ही काय बोलणार? तिने पंप हातात घेतला, लहान भोक लावलं, खटका उचलला, आणि वीस-बावीस दांड्यांत चाक उभं राहिलं. शाळेने टाळ्या वाजवल्या. आमच्या पत्रकाने ती मुलगी चोर ठरली होती, आणि तिच्या तेरा मैत्रिणी चालत येत होत्या.

त्या दुपारी आम्ही चौदाही सायकली पाहिल्या. नऊ सायकलींना नुसती हवा हवी होती. पाच सायकलींची व्हॉलट्यूब उन्हाने कडक होऊन चिरली होती. हे कसं ओळखायचं, तर व्हॉल्व्हवर जरा थुंकी लावायची आणि बुडबुडा येतो का बघायचं. ही युक्तीही तिनेच दाखवली. लहानपणी आम्हालाही येत होती. व्हॉलट्यूबचा तुकडा तिथे काही रुपयांना मिळतो. आम्ही तीस डॉलरचा पंप पाठवला, पण व्हॉलट्यूब पाठवायचं सुचलं नाही. आणि पंपावरचं ते दाबाचं घड्याळ? इंग्लिश व्हॉल्व्हमध्ये रबर उघडायलाच बराच दाब लागतो, त्यामुळे पंपावरचा आकडा चाकातल्या दाबापेक्षा जास्तच दिसतो. अंगठ्याने दाबून बघणं हेच तिथलं मोजमाप, आणि ते पुरेसं आहे.

एक गोष्ट सांगायची की नाही यावर आमच्यात वाद झाला. शेवटी सांगायचं ठरलं, कारण देणगी तुमची आहे. त्या चौदा सायकलींपैकी एकीची मालकीण दिवाळीनंतर शाळेत आलीच नव्हती. सहा किलोमीटरच्या वस्तीवरची. आम्ही सरांना विचारलं, सायकल बंद पडली म्हणून का? ते म्हणाले, "तसं सांगता येणार नाही. घरची कारणं बरीच असतात." ते आमची समजूत घालत होते की खरंच तसं होतं, आम्हाला ठाऊक नाही. सर पुढे दोनदा तिच्या घरी जाऊन आले. ती जूनमध्ये परत आली, एक वर्ष मागे.

यावर्षीच्या फेरीचे पैसे कसे खर्च होणार आहेत ते आता सांगतो. पन्नास सायकलींचा संकल्प आहे. पण देणगीच्या फॉर्मवर तुम्हाला एक नवीन ओळ दिसेल, 'देखभाल, दोन वर्षे'. मागे एकदा कुणीतरी विचारलं होतं की सायकल दिली म्हणजे झालं ना, देखभालीला वेगळे पैसे कशाला? त्याचं उत्तर मघाशी ऐकलंत. तालुक्याचे सायकलवाले मामा महिन्यातून एक शनिवार शाळेत येतात, त्यांना मानधन. पंप आता तिथूनच घेतो, तिथल्या व्हॉल्व्हला बसणारे. शाळेत एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात व्हॉलट्यूब, सोल्यूशन, पंक्चरचे तुकडे, पाने. पेटीची किल्ली सरांकडे नाही, मुलींकडे आहे. यात आमचा हुशारपणा काही नाही, मामांनी सांगितलं तसं केलं. आमच्या सहा अमेरिकन पंपांपैकी चार अजून चालू आहेत. आमचं पत्रक काढून टाकलं आहे. त्या जागी त्या मुलीने लिहिलेला वहीचा कागद आहे, लॅमिनेट न केलेला, आणि त्यावरची पहिली सूचना आहे 'आधी टोपण काढून व्हॉल बघा'. आजच्या भाषणाचं नाव आम्ही तिथूनच उचललं आहे.

आता रविवारचं. जमायचं सात वाजता, साडेसातला नाही. झाडाखाली दोन टेबलं असतील, एकावर हवा, दुसऱ्यावर पोहे, आणि क्रम तोच राहील. पण शक्य असेल तर आज घरी गेल्यावर गराजमध्ये जा, टोपण काढा, आत पिन दिसते की चक्री ते बघा, आणि हवा भरून ठेवा. शनिवारी सकाळी पुन्हा चाचपा. उतरली असेल तर पंक्चर आहे, आम्हाला शनिवारीच फोन करा, रविवारी नको. सायकल दुसऱ्याकडून मागून आणणार असाल तर पंपही त्याच घरून मागून आणा. त्या पोहेवाल्या वहिनींनी या वर्षी पुन्हा नाव दिलं आहे, आणि त्यांनी स्वतःचा पंप घेतला आहे, दोन्ही भोकांचा.

तिन्ही ट्यूब मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, चहा घेताना हाताळून बघा. लहान मुलांना आधी बघू द्या, त्यांची बोटं बारीक असतात. आणि हो, गेल्या फेरीला आम्ही बारा पितळी अडॅप्टर वाटले होते, त्यातले चार अजून परत आलेले नाहीत. ज्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतील त्यांनी रविवारी घेऊन यावेत, कुणाचं नाव विचारणार नाही.